तीन दात्यांवरचं माप

उन्हाळ्यात रसवंतीवर थांबलं की चरकाच्या बाजूला दोन दातेरी चाकं उघडीच फिरताना दिसतात. बिडाची ओतीव चाकं, दात्यांवर मशीन कधी फिरलेलं नाही, मध्ये काडेपेटीची काडी सहज जाईल एवढी फट. खडखडाट होतो, ऊस पिळला जातो आणि चरक वर्षानुवर्षं चालतो. त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या मोटरसायकलच्या गीअरबॉक्समध्येही बहुधा सरळ दात्यांचीच चाकं असतात. तिथे मात्र मिनिटाला हजारो फेरे आहेत आणि दोन दात्यांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगावी लागते. ती थोडी कमी पडली तर गीअर तापून अडकतील, थोडी जास्त झाली तर गाडी आवाज करील. रसवंतीच्या चाकापासून या चाकापर्यंतचा प्रवास पोलाद, भट्टी आणि मशीन यांचा आहेच; पण त्याहून जास्त तो मोजमापाचा आहे.

गीअरचा दाता मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरच्या दोन जबड्यांत धरला की मिळतो. दात्याचं तसं नाही. तो टोकाला बारीक, बुडाशी जाड, दोन्ही बाजूंना वाकलेला. त्याची जाडी प्रत्येक उंचीवर वेगळी. ड्रॉइंग म्हणतं, पिच सर्कलवर जाडी इतकी हवी. पण पिच सर्कल हे हिशेबातलं वर्तुळ आहे; ते ड्रॉइंगवर असतं, जॉबवर कुठेही कोरलेलं नसतं. जी रेघ दिसत नाही तिच्यावर माप घ्यायचं आहे. म्हणून गीअर तपासणीच्या सगळ्या पद्धती दुसरंच काहीतरी मोजतात आणि त्यावरून दात्याविषयी अनुमान काढतात. कोणतं अनुमान कोणत्या मापावरून काढता येतं आणि कोणतं येत नाही, हे कळणं हीच या कामातली खरी विद्या आहे. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत तिच्याकडे लक्ष जितकं जायला हवं तितकं जात नाही.

एक साधा गीअर समोर ठेवू. २४ दाते, मॉड्यूल २, प्रेशर अँगल २० अंश. मॉड्यूलला दात्यांच्या संख्येने गुणलं की पिच सर्कलचा व्यास, म्हणजे पीसीडी मिळते : ४८ मिलिमीटर. बाहेरचा व्यास, म्हणजे ओडी, ५२. पिच सर्कलवर दात्याची जाडी ३.१४२. यापुढचे जवळजवळ सगळे आकडे याच गीअरचे आहेत.

दात्याची बाजू जी वाकलेली दिसते ती कशीही वाकलेली नसते. दोऱ्याचं रीळ घ्यावं, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल बांधावी आणि दोरा ताणलेला ठेवत रिळावरून उलगडत जावं. पेन्सिल कागदावर जी रेघ काढते ती इन्व्होल्यूट. ते रीळ म्हणजे गीअरचं बेस सर्कल. गीअरच्या दात्यासाठी हा वक्र अठराव्या शतकात स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी सुचवला. घड्याळवाले बराच काळ वेगळ्या, सायक्लॉइड जातीच्या दात्यांना धरून राहिले. यंत्रांच्या जगात मात्र इन्व्होल्यूटने जम बसवला, आणि त्याला दोन भक्कम कारणं होती. एक, दोन गीअरच्या केंद्रांमधलं अंतर थोडं बदललं तरी वेगाचं गुणोत्तर बिघडत नाही. साखर कारखान्यातल्या मिलमध्ये वरचा रोलर उसाच्या थराप्रमाणे वरखाली होतो आणि त्याच्या शाफ्टवरची पिनियन तरीही फिरत राहतात, ते लांब दाते आणि हा गुण यांच्या जोरावर. दुसरं कारण कारखान्याच्या सोयीचं. सरळ बाजूंच्या दात्यांची पट्टी गीअरच्या ब्लँकभोवती योग्य गतीने फिरवली की इन्व्होल्यूट आपोआप कापला जातो. जर्मनीतल्या केम्निट्झ इथे हेर्मान फाउटर यांनी १८९७ मध्ये पेटंट घेतलेलं हॉबिंग मशीन याच तत्त्वावर चालतं, आणि आज भोसरीपासून वाळूजपर्यंत जिथे म्हणून गीअर कापले जातात तिथे बहुतेक कापणी हॉबवरच होते.

तिसरा एक गुण आहे, तो मोजणाऱ्यांच्या उपयोगाचा. त्याच्याकडे येण्याआधी जुन्या हत्याराकडे बघू.

डिप्लोमा झालेल्या प्रत्येकाने मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला गीअर टूथ व्हर्निअर हातात धरलेलं असतं. दोन व्हर्निअर काटकोनात जोडलेले. उभ्या पट्टीवर उंची लावायची, तिची जीभ दात्याच्या टोकावर टेकवायची आणि आडव्या जबड्यांनी जाडी घ्यायची. आपल्या गीअरसाठी उंची येते २.०५१ आणि जाडी ३.१३९. ही जाडी ३.१४२ हून थोडी कमी, कारण जबडे सरळ रेषेत मोजतात आणि पिच सर्कल वळणावर आहे. कल्पना साधी आणि शिकवायला छान. कारखान्यात मात्र ती दोन ठिकाणी फसते. या हत्याराचं लीस्ट काउंट सहसा ०.०२ असतं, आणि आपल्याला जो टॉलरन्स सांभाळायचा आहे तोच साधारण ०.०३ चा. दुसरी अडचण जास्त फसवी. जीभ टेकते दात्याच्या टोकावर, म्हणजे ओडीवर. टर्निंगला ओडी ५२ ऐवजी ५१.९ झाली, तर जीभ ०.०५ खाली बसते, जबडे दात्याच्या जाड भागाकडे सरकतात आणि जाडी ०.०३६ ने जास्त दिसते. दात्यात काहीही चूक नसताना सगळा टॉलरन्स एका टर्निंगच्या फरकात संपून जातो. ओडीला गीअरच्या कामगिरीत फारसं महत्त्व नसतं, म्हणून तिचा टॉलरन्स ढिला ठेवलेला असतो. आणि नेमकी तीच या मापाचा पाया.

आता तो तिसरा गुण. रिळावरून उलगडलेला ताणलेला दोरा त्याने काढलेल्या रेघेला नेहमी काटकोनात असतो आणि रिळाला नेहमी स्पर्शरेषेत. म्हणून एका दात्याची डावी बाजू आणि त्याला धरून तिसऱ्या दात्याची उजवी बाजू यांच्यात बेस सर्कलला स्पर्शून जाणारी रेषा काढली, तर तिची लांबी कुठूनही काढा, तेवढीच येते. दोन समांतर जबडे या दोन बाजूंना टेकवले की ते हीच लांबी धरतात. जबडे थोडे पुढे झुकले काय, मागे झुकले काय, आकडा हलत नाही. ओडीशी संबंध नाही, बोअरशी नाही, अदृश्य वर्तुळ शोधायची गरज नाही. याला बेस टँजंट म्हणतात. शॉपफ्लोअरवर सगळे ‘स्पॅन’ म्हणतात. पुढे अमेरिकेत काम केलेले स्विस अभियंते अर्न्स्ट विल्डहाबर यांचं नाव या पद्धतीशी जोडलं गेलं आहे, आणि इटलीत तर हे माप त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

किती दाते धरायचे याचा सोपा हिशेब आहे. २० अंशाच्या साध्या गीअरला दात्यांची संख्या ९ ने भागा, त्यात अर्धा मिळवा आणि जवळचा पूर्णांक घ्या. २४ ला ९ ने भागलं की २.६७, अधिक ०.५ म्हणजे ३.१७ : तीन दाते. तीन दात्यांवरचा स्पॅन येतो १५.४३३ मिलिमीटर.

पण ड्रॉइंगवर १५.४३३ लिहिलेलं नसतं. तो आकडा फट शून्य ठेवून काढलेला आहे. तेलाचा थर बसायला आणि तापल्यावर फुगायला जागा हवी, म्हणून दाता मुद्दाम बारीक ठेवतात. समजा ड्रॉइंग म्हणतं : १५.३७३ ते १५.४०३. तपासणीसाच्या टेबलावर डिस्क मायक्रोमीटर असतो, जबड्यांऐवजी पातळ चकत्या असलेला, कारण साधा जबडा दोन दात्यांच्या खाचेत शिरत नाही. आधी मायक्रोमीटर पडताळायचा. स्लिप गेजच्या पेटीतून १.००३, १.४०, ३ आणि १० हे चार तुकडे काढून, पुसून, एकमेकांवर घासून चिकटवले की १५.४०३ तयार होतो, नेमका वरचा लिमिट. चकत्यांमध्ये तो धरून वाचन बघायचं. मग गीअर. हॉबवरून आलेल्या दात्याच्या कडेला बारीक बर असते. ती काढलेली नसेल तर माप ०.०१ सहज जास्त येतं. फडक्याने तेल आणि चिप पुसायची, तीन दाते चकत्यांमध्ये घ्यायचे, रॅचेट तीनदा कटकट करेपर्यंत फिरवायचं आणि गीअर हाताने हलकाच झुलवायचा. चकत्या दात्याच्या मधल्या पट्ट्यात टेकल्या असतील तर झुलवताना वाचन स्थिर राहतं. झुलवताना आकडा हलला तर चकत्या टोकाच्या चँफरवर किंवा बुडाजवळच्या गोलाईत गेल्या आहेत, किंवा दाताच इन्व्होल्यूट नाही. कोणतंही मशीन न लावता हाताला कळणारी ही तपासणी आहे, आणि घाईच्या शिफ्टमध्ये सगळ्यात आधी तीच सुटते. रॅचेट वाजलं, आकडा लिहिला, पुढचा जॉब.

पिनांची पद्धत वेगळी. समोरासमोरच्या दोन खाचांत घासून चकचकीत केलेल्या कडक पिना ठेवायच्या आणि वरून माप घ्यायचं. आपल्या गीअरवर ३.५ मिलिमीटरच्या पिना ठेवल्या तर फट शून्य धरून माप सुमारे ५२.९५ येतं. दात्यांची संख्या विषम असेल तर पिना बरोबर समोरासमोर येत नाहीत आणि हिशेबात दुरुस्ती करावी लागते. पिनांचा खरा फायदा त्यांच्या नजरेत आहे. दाता ०.०२ ने बारीक झाला तर स्पॅन फक्त ०.०१९ ने घटतो. पिनांवरचं माप मात्र ०.०४६ ने घटतं, दुपटीहून जास्त. बारीक मॉड्यूलच्या गीअरला, जिथे चकत्या शिरतच नाहीत, आणि आतल्या दात्यांच्या गीअरला पिना किंवा बॉल यांना पर्याय नाही. अडचण एवढीच की दोन पिना, गीअर आणि मायक्रोमीटर एकाच वेळी धरायला दोन हात कमी पडतात, आणि पिन किंचित तिरकी बसली तरी माप फुगतं.

एवढं सगळं नीट केलं, स्पॅन लिमिटमध्ये आला, शेवटच्या तपासणीचा शिक्का बसला. आणि गीअरबॉक्स जुळवल्यावर आवाज आला.

हे अनेकदा घडतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हॉबिंग मशीनच्या मँड्रेलवर ब्लँक चढवताना बोअर आणि मँड्रेल यांच्यात ढिलाई होती, ब्लँक ०.०५ मिलिमीटर एका बाजूला बसला. हॉबला बोअर कुठे आहे ते माहीत नसतं. तो मशीनच्या अक्षाभोवती २४ अगदी सुबक दाते कापतो. ते एकमेकांच्या मानाने बिनचूक आहेत, फक्त बोअरच्या मानाने सगळे मिळून सरकलेले आहेत. स्पॅन दात्यापासून दात्यापर्यंत मोजतो, बोअरला विचारत नाही. म्हणून गीअर फिरवून कुठेही स्पॅन घ्या, तोच आकडा. समोरासमोरच्या दोन पिनाही हे फारसं सांगत नाहीत : एक बाजू जितकी बाहेर गेली तितकी दुसरी आत आली. शाफ्टवर बसल्यावर मात्र हा गीअर दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर आतबाहेर होतो. याला रनआऊट म्हणतात. ओडीच्या चुका मापात येऊ नयेत म्हणून ज्या गुणासाठी स्पॅन निवडला, त्याच गुणामुळे ही चूक त्याच्या नजरेतून निसटते.

दुसरं उदाहरण. ब्लँकच्या फेसखाली चिप राहिली किंवा मशीनची फीड थोडी तिरकी गेली, तर दाता शाफ्टला समांतर न राहता कलतो. दोन्ही बाजू सारख्याच कलल्या तर जाडी बदलत नाही. स्पॅन इथेही ओके. पण दाता सगळ्या रुंदीवर टेकायच्या ऐवजी एका टोकावर टेकतो, भार तिथेच पडतो आणि काही महिन्यांनी त्या कोपऱ्यात खड्डे पडू लागतात.

स्पॅन जाडी सांगतो. फक्त जाडी. जाडी आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गीअरच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३२८ पिच, प्रोफाइल आणि दात्याची दिशा यांच्या चुकांचे ग्रेड ठरवतं. दात्याची जाडी त्या ग्रेडमध्ये येतच नाही, ती ड्रॉइंगवर वेगळी द्यावी लागते. म्हणजे ज्याच्या रिपोर्टवर फक्त स्पॅन आहे, त्या गीअरचा ग्रेड कोणता हे कुणालाच सांगता येणार नाही. तरीही कित्येक सप्लायरांच्या रिपोर्टवर वर ग्रेड लिहिलेला असतो आणि खाली पाच स्पॅनची वाचनं. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कधी कुणी हा फरक समजावून दिलेला नसतो. हे समजावून सांगायला मोठं भांडवल लागत नाही. एक मुद्दाम बाजूला बसवून कापलेला गीअर, एक डायल आणि अर्धा तास पुरतो.

रनआऊट पकडणं त्या मानाने स्वस्त आहे. बोअरमध्ये मँड्रेल घालून गीअर दोन सेंटरमध्ये धरायचा, प्रत्येक खाचेत एकच बॉल टेकवायचा आणि डायल बघायचा. वर सांगितलेला गीअर इथे लगेच सापडतो : डायलची सुई २४ खाचांत हळूहळू वर चढते आणि हळूहळू खाली येते, एकूण ०.१. अशी चढउतार दिसली की ब्लँक कसा चढवला तिकडे बघायचं. एकाच खाचेत सुई अचानक उडाली तर तिथे ठोका बसला आहे, बहुतेक वेळा ट्रेमध्ये गीअर एकमेकांवर टाकल्यामुळे.

याहून भराभर काम करतो तो रोल टेस्टर. मेट्रॉलॉजीच्या पुस्तकांत पार्किन्सन गीअर टेस्टर म्हणून ज्याची आकृती असते तोच. एका खुंटीवर मास्टर गीअर, स्प्रिंगवर सरकणाऱ्या दुसऱ्या खुंटीवर आपला गीअर. फट न ठेवता दोन्ही एकमेकांत दाबून फिरवायचे. केंद्रांमधलं अंतर जसं बदलतं तसा आलेख उमटतो. एका फेऱ्याची मोठी लाट म्हणजे रनआऊट, प्रत्येक दात्याला येणारी बारीक दातेरी रेघ म्हणजे दात्यादात्यातला फरक, आणि एखादा सुळका म्हणजे ठोका. अर्ध्या मिनिटात एक गीअर होतो, म्हणून मोठ्या उत्पादनात प्रत्येक नग असा फिरवता येतो. त्याचीही मर्यादा आहे. इथे दात्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी टेकलेल्या असतात, आणि गाडीत एका वेळी एकच बाजू टेकते. डाव्या बाजूची चूक उजव्या बाजूच्या चुकीत मिसळून आलेख सपाट दिसू शकतो. काही गीअर रोल टेस्टरवर उत्तम असतात आणि गीअरबॉक्समध्ये तरीही कुरकुरतात, ते यामुळे.

आणि शेवटी सीएनसी गीअर टेस्टर. गीअर गोल टेबलावर, माणकाच्या टोकाचा बारीक प्रोब दात्याच्या बाजूवरून बुडापासून टोकापर्यंत सरकतो आणि त्याच वेळी टेबल फिरतं. दोघांच्या हालचाली अशा जुळवलेल्या असतात की दाता तंतोतंत इन्व्होल्यूट असेल तर कागदावर सरळ उभी रेघ येते. वक्राची तपासणी सरळ रेघेची तपासणी होते. ज्याने कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पूर्वी यासाठी प्रत्येक गीअरला त्याच्या बेस सर्कलच्या मापाची वेगळी चकती लागे. आता ते काम कंट्रोलर करतो. सहसा चार दाते घेतात, नव्वद नव्वद अंशांवर, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू.

हा कागद वाचायला शिकणं म्हणजे मशीनची तब्येत वाचायला शिकणं. चारही दात्यांच्या रेघा एकाच बाजूला सारख्याच कलल्या असतील तर हॉब चुकीच्या कोनात धार लावलेला आहे. रेघा चार दात्यांवर वेगवेगळ्या कलल्या असतील तर गीअर बाजूला बसला होता. रेघ नागमोडी असेल तर हॉबच आर्बरवर डळमळतोय. नुसतं ‘रिजेक्ट’ म्हणून गीअर लाल ट्रेमध्ये टाकला तर एवढी माहिती ट्रेबरोबर भंगारात जाते.

एक गंमत मात्र नव्या माणसाला गोंधळात टाकते. चांगल्या गीअरची रेघ टोकाजवळ मुद्दाम वाकलेली असते. भाराखाली दाते किंचित वाकतात, त्यामुळे पुढचा दाता ठरलेल्या क्षणाच्या आधी येऊन आदळतो. ते टाळायला टोकाजवळचे काही मायक्रॉन काढून टाकतात. याला टिप रिलीफ म्हणतात, आणि त्याचा हिशेब इंग्लंडमधले एच. वॉकर यांनी १९३८ मध्येच मांडला होता. अशा गीअरची तपासणी म्हणजे ड्रॉइंगमध्ये मागितलेला वाक नेमका तेवढाच आणि तिथेच आहे की नाही हे बघणं. स्पॅन घेताना चकत्या चुकून या भागात टेकल्या तर माप कमी येतं आणि चांगला गीअर रिजेक्ट होतो, हे त्यातलं आणखी एक जाळं.

असा टेस्टर लहान वर्कशॉपला परवडत नाही, हे खरं. पण प्रत्येक सेटिंगचा पहिला नग आणि हॉब बदलल्यानंतरचा पहिला नग बाहेरच्या लॅबमध्ये नेऊन त्याचा चार्ट काढून आणणं अशक्य नाही. औद्योगिक पट्ट्यांमध्ये अशा लॅब आहेत. रोजच्या स्पॅनच्या शंभर वाचनांपेक्षा आठवड्यातला एक चार्ट जास्त सांगून जातो.

ग्रेडच्या बाबतीत परदेशी ऑर्डर घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. आयएसओ आणि जर्मन डीआयएन मानकांत आकडा जितका लहान तितका गीअर चांगला. आयएसओत एका ग्रेडवरून पुढच्या ग्रेडवर जाताना टॉलरन्स साधारण १.४ पट होतो, म्हणजे दोन ग्रेडमध्ये दुप्पट. आपल्या गीअरला सहाव्या ग्रेडसाठी एका पिचमधली चूक सुमारे ८ मायक्रॉनपर्यंत चालते. आठव्या ग्रेडला १६ च्या आसपास. अमेरिकन गीअर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या जुन्या मानकात मात्र क्रम उलटा होता : क्यू हे अक्षर आणि पुढे आकडा, आकडा मोठा तितका गीअर चांगला. त्यातला क्यू १० म्हणजे आयएसओचा साधारण ७. नंतर त्यांनीही क्रम फिरवला, पण जुनी ड्रॉइंग अजून फिरतात. नुसता ‘१०’ वाचून कोटेशन दिलं तर किमतीचा आणि मशीनचा सगळा हिशेब चुकतो.

मोजमापाची एक वेगळीच बाजू कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात दिसते. तिथे ड्रॉइंग नसतं. तुटलेला गीअर पिशवीतून येतो : जुन्या लेथचा, मागाचा, गुऱ्हाळाचा. ‘असाच बनवून द्या.’ दाते मोजायचे, ओडी घ्यायची, ओडीला दात्यांची संख्या अधिक दोन याने भागायचं. समजा ४० दात्यांचा गीअर आहे आणि ओडी १०६ भरली. ४२ ने भागून २.५२. मॉड्यूल २.५ असेल तर ओडी १०५ हवी. इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या यंत्रातला १० डीपी असेल, ज्याचं मॉड्यूल २.५४ भरतं, तर १०६.६८ हवी. आणि टोकं तर झिजलेली आहेत. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात. शेजारी ठेवून फिरवले तर काही दात्यांपर्यंत एकमेकांत बसतातही.

इथे स्पॅन कामाला येतो, तोही दोनदा घेतलेला. आधी पाच दात्यांवर, मग सहा दात्यांवर, आणि वजाबाकी. हा फरक म्हणजे बेस पिच. त्यात ओडी नाही आणि दोन्ही वाचनांत झीज सारखीच असल्याने ती वजाबाकीत जाते. फरक ७.३८० आला तर मॉड्यूल २.५, २० अंश. ७.४९८ आला तर १० डीपी, २० अंश. ७.७२५ आला तर १० डीपी, पण जुन्या काळचा साडेचौदा अंशाचा, जो पूर्वीच्या इंग्रजी यंत्रांत सर्रास असे. झिजलेल्या भागाऐवजी दात्याचा शाबूत पट्टा शोधून चकत्या टेकवायच्या एवढंच पथ्य. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं यंत्र कोणत्या पद्धतीने कापलं होतं, हे एका मायक्रोमीटरने आणि एका वजाबाकीने कळतं. ज्या कारागिराला हे येतं त्याचा गीअर पहिल्याच वेळी बसतो. ज्याला येत नाही तो २.५ च्या हॉबने कापून देतो, आणि गिऱ्हाईक महिन्याभरात परत येतं.

तापमानाबद्दल थोडंसं. लांबीच्या मापांचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सियस धरलं आहे. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. आपल्या लहान गीअरचा १५.४ चा स्पॅन ३५ अंशांवर तीन मायक्रॉनहून कमी वाढतो, आणि मायक्रोमीटरही तितकाच तापलेला असेल तर तेवढंही जाणवत नाही. पण २०० मिलिमीटरचा गीअर नुकताच ग्राइंडिंगवरून उतरला, अजून गरम आहे आणि मायक्रोमीटर एसीच्या खोलीतून आणलाय, तर पिनांवरचं माप ३० मायक्रॉननेही फसवू शकतं. विदर्भात मे महिन्यात हा हिशेब रोजचा आहे. गीअर आणि हत्यार एकाच टेबलावर काही वेळ शेजारी ठेवणं, एवढाच त्यावरचा उपाय.

भट्टी ही त्याहून मोठी गोष्ट. २० एमएन सीआर ५ सारख्या पोलादाचा गीअर कार्बुराइझ करून तेलात बुडवला की दाता फुगतो, कलतो, बोअर लंबगोल होतो. म्हणून भट्टीआधीचा आणि भट्टीनंतरचा स्पॅन जोडीने लिहून ठेवायचा असतो. फरक दर बॅचला सारखा येत असेल तर हॉबिंगलाच तेवढी सूट देता येते. बॅचबॅचला फरक बदलत असेल तर प्रश्न हॉबिंगचा नाही, भट्टीत गीअर कसे रचले त्याचा आहे.

आवाजाकडे पुन्हा यावं लागतं, कारण आता तोच सगळ्यात कडक तपासणीस झाला आहे. अनेक मोटारींच्या मॅन्युअल गीअरबॉक्समध्ये रिव्हर्सचा गीअर सरळ दात्यांचा असतो. गाडी मागे घेताना जो वेगळा सूर येतो तो त्याचा. गीअरचा सूर कुठे लागेल हे साध्या गुणाकाराने सांगता येतं : दात्यांची संख्या गुणिले सेकंदाला फेरे. आपला २४ दात्यांचा गीअर मिनिटाला ९,००० फेऱ्यांनी फिरला तर सेकंदाला ३,६०० ठोके. माणसाचा कान २,००० ते ५,००० या पट्ट्यातच सगळ्यात तिखट असतो. पेट्रोलच्या इंजिनात हा सूर बुडून जात असे. विजेच्या गाडीत तो झाकायला काही नाही. तिथल्या गीअरचे दाते बहुतेक तिरपे असतात, हे खरं, पण मोजमापाचे प्रश्न तेच आहेत आणि जास्त टोकदार झाले आहेत.

त्यातला एक प्रश्न सध्या गीअरवाल्यांना हैराण करतो आहे. गीअरची जाडी बरोबर, रनआऊट बरोबर, चार दात्यांचे चार्ट लिमिटच्या आत. तरीही गाडीत असा सूर येतो जो दात्यांच्या संख्येच्या कोणत्याच पटीत बसत नाही. कारण असतं ग्राइंडिंगमध्ये दात्यांवर उमटलेली लाट, एक मायक्रॉनहूनही कमी उंचीची. ती एका दात्यावर संपत नाही. पुढच्या दात्यावर तिथूनच पुढे सुरू होते आणि सगळ्या गीअरभोवती फिरते. चार दात्यांवर ती प्रत्येकी क्षुल्लक दिसते. सगळ्या दात्यांच्या रेघा मोजून, एकामागून एक जोडून, त्या सलग रेघेचं विश्लेषण केलं तरच ती सापडते, आणि लाटांची संख्या कळली की ग्राइंडिंग मशीनचा कोणता भाग त्या गतीने थरथरतो ते शोधता येतं. म्हणून नव्या टेस्टरांवर आता चाराऐवजी सगळे दाते मोजण्याची सोय आली आहे, आणि विजेच्या गाड्यांचे गीअर बनवणाऱ्यांकडे चोविसांपैकी चोवीस दात्यांचे चार्ट मागितले जाऊ लागले आहेत.